डाव्या विंगेचं शुद्धिपत्र

दत्ताकाका,

तुम्हाला निरोप देताना क्रिमेटोरियममध्ये त्या गाडीच्या मालकाची फुलं आली होती. पांढरी लिली, चांगली भरगच्च, आणि वर कार्ड: ‘एका कुशल कारागिरास.’ खाली त्याचं स्वतःचं नाव, त्याखाली फुलवाल्याच्या दुकानाचं नाव. तुमचं कुठेच नाही. ज्याच्यासाठी फुलं आली, त्याचं तेवढं लिहायचं राहिलं.

मी ते कार्ड ओढून काढायला पुढे झाले, तर कमलकाकूंनी माझं मनगट धरलं. “फुलांनी काय घोडं मारलंय तुझं? राहू दे.” मग कार्ड मात्र त्यांनी स्वतःच काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी आपल्या मराठी मंडळाची ई-मेल आली. ‘वाहन उद्योगातील ज्येष्ठ तंत्रज्ञ’ यांचं दुःखद निधन. काका, तुम्ही तंत्रज्ञ नव्हतात. तुम्ही पत्रा ठोकायचात. पॅनल बीटर. पुण्याच्या तांबट आळीत वडिलांच्या हाताखाली तांब्याची भांडी ठोकून मठारलीत, आणि कॉव्हेंट्रीला येऊन चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे. मंडळाला पत्रा ठोकणाऱ्याची लाज वाटते आणि त्या फुलं पाठवणाऱ्या माणसाला तुमच्या नावाची गरज वाटत नाही. मला दोघांत फारसा फरक दिसत नाही.

आता मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला मलाच सांगितलंय. “जरा गोड लिही हं,” असंही सांगितलंय. गोड मला येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शिवाय आपला एक वाद अर्धा राहिलाय, आणि त्याच्याही आधी एक माफी आहे. माझ्यामुळे तुमचं काम गेलं. अडीच वर्षं मी दर शनिवारी तुमच्या घरी चहा प्यायले आणि ती माफी मागितली नाही.

मी मराठी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. इतर मुलांकडे चांदोमामाची पुस्तकं होती. आमच्या स्वयंपाकघरात संप, भाडेवाढ, व्हिसाचे नियम आणि ‘बंधूंनो, भगिनींनो’. शनिवारी तुम्ही यायचात आणि टेबलाशी बसून घड्या घालायचात. एका कडेवर दुसरी कड अगदी नेमकी बसवायची, मग अंगठ्याचं नख एकदाच फिरवायचं. तुमच्या घडीचं पत्रक सुरीने कापल्यासारखं दिसायचं. बाबा विचारायचे, “दत्ता, वाचलंस का?” तुम्ही म्हणायचात, “कागद चांगला आहे.” मी युनिव्हर्सिटीत गेले आणि स्वतः पत्रकं काढायला लागले, इराकच्या युद्धाविरुद्धची, तेव्हा घड्या घालायला पुन्हा तुम्हीच. मला बघितलं की म्हणायचात, “या, संपादकबाई. आज कोणाची खैर नाही?”

ती गाडी तुमच्याकडे आली तो हिवाळा मला आठवतो. मोठ्या कारखान्याने तुम्हाला रिडन्डन्सी देऊन घरी पाठवलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तुम्ही टेरीच्या वर्कशॉपमध्ये होतात. इंडस्ट्रिअल इस्टेटच्या टोकाला, चार माणसांचं वर्कशॉप, जुन्या गाड्या दुरुस्त करणारं. टेरी तुम्हाला डेव्ह म्हणायचा. कारखान्यात कोणीतरी ते नाव ठेवलं आणि पगाराची चिठ्ठी सोडून तुम्ही सगळीकडे डेव्ह झालात. मला त्याचा संताप यायचा. तुम्ही म्हणायचात, “हाक मारली की मी वळतो ना? मग झालं.”

शनिवारी मी काकूंचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायचे. त्या दिवशी मधोमध ती उभी होती. कोब्रा. बुटकी, रुंद, उघडी, डरकाळी फोडायच्या आधी दबा धरल्यासारखी. पुढची डावी बाजू चेपलेली. मालकाने हौसेने ट्रॅकवर पळवली होती आणि भिंतीने तिला अडवलं होतं. पुढच्या चाकावरचा तो फुगीर भाग, ज्याला इथे विंग म्हणतात, तो चुरगळलेल्या रुमालासारखा झाला होता.

“ही अमेरिकन आहे म्हणतात,” तुम्ही म्हणालात. “मला नाही वाटत. हाताने ओळखतो मी. हे अंग इकडचं आहे.”

मी सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं आणली. तुमचं खरं निघालं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्ससचा एक रेसिंग ड्रायव्हर, हृदयाच्या दुखण्याने शर्यती सोडाव्या लागलेला, त्याच्या मनात येतं की इंग्लंडमधली एखादी हलकी दोन माणसांची गाडी घ्यावी आणि तिच्यात अमेरिकेचं आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन कोंबावं. तो थेम्सकाठच्या एका लहान कारखान्याला पत्र लिहितो. त्या कारखान्याला इंजिन पुरवणारे नेमके तेव्हाच माघार घेत असतात, म्हणून ते हो म्हणतात. सांगाडा आणि अॅल्युमिनियमचं अंग इथे तयार होतं, इंजिनाशिवाय समुद्र ओलांडतं, आणि कॅलिफोर्नियात त्याच्या पोटात इंजिन बसतं. ही गाडी इटलीच्या खानदानी गाड्यांना हरवते. पुढे इंजिन सात लिटरचं होतं, चाकं रुंद होतात, त्यांना झाकायला अंग आणखी फुगवावं लागतं. त्या शेवटच्या प्रकारच्या फार थोड्या निघाल्या. शर्यतीच्या नियमाला लागत होत्या तेवढ्याही वेळेत झाल्या नाहीत. आपल्यापुढे उभी होती ती त्यांतली एक.

सगळ्यात पहिली गाडी एकच होती, हे मी तुम्हाला वाचून दाखवलं. गाड्यांच्या मासिकांना वाटावं की पुष्कळ तयार आहेत, म्हणून प्रत्येक मासिकाकडे नेण्याआधी तिला नवा रंग दिला. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. “म्हणजे मुलगी एकच, आणि साड्या बदलून चार ठिकाणी दाखवली.”

मी मात्र हसले नव्हते. मी पुस्तकांच्या मागच्या सूच्या धुंडाळत होते. ड्रायव्हरांची नावं होती, इंजिन जमवणाऱ्यांची होती. आणि ज्यांनी लाकडी साच्यावर ते अंग ठोकून ठोकून गोल केलं, त्यांना मला मिळालेल्या प्रत्येक पुस्तकात दोन शब्द: कुशल कारागीर. कार्डावरचे हे शब्द मला फुलांच्या आधीपासून पाठ होते, काका.

तुम्हाला काम करताना बघणं ही माझ्या आयुष्यातली चैन होती. तुमच्या खिशात कायम साबणाची वडी असायची. अॅल्युमिनियम ठोकलं की ताठर होतं, पुन्हा मऊ करायला तापवावं लागतं, पण ते तांब्यासारखं लाल होऊन सांगत नाही. एकदम वितळून खाली पडतं. म्हणून पत्र्यावर साबणाची रेघ ओढायची, मागून ज्योत फिरवायची, आणि रेघ काळी पडली की थांबायचं. मग वाळूच्या चामडी पिशवीवर लाकडी हातोड्याने खोलगट करायचं, यंत्राच्या दोन लोखंडी चाकांमधून पुढेमागे सरकवत गुळगुळीत करायचं, साच्यावर लावून बघायचं, काढायचं, पुन्हा. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा आणि जळक्या साबणाचा वास. तुम्ही कामावरून आलात की काकू म्हणायच्या, “आंघोळ करून आलात का?”

मालक एकदा कागदाची गुंडाळी घेऊन आला. कंप्युटरवर त्याने उजवी बाजू मोजून तिची उलटी प्रतिमा काढून आणली होती. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करा, म्हणाला. तुम्ही कागद बघितलात, दोन्ही हात गाडीवर फिरवलेत आणि म्हणालात, “नो सर. देन इट विल बी अ लाय.”

तो हसला. टेरीने सावरून घेतलं, “डेव्हला कळतं त्यातलं.” मालक गेल्यावर तुम्ही मला समजावून सांगितलंत. “या दोन बाजू दोन माणसांनी ठोकल्यात. उजवीकडचा घाईतला होता, कड जवळ आली की हात उचलतो. डावीकडचा निवांत. शेवटपर्यंत सारखा मार. डावीकडच्याला भेटायला आवडलं असतं मला.”

“त्याचं नाव तरी माहीत आहे का कोणाला?” मी म्हणाले. “आणि तुमचं तरी कोणाला कळणार आहे? आतल्या बाजूला लिहून ठेवा.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? घडवलीत म्हणून.”

तुम्ही पोळीचा तुकडा चटणीला लावलात. “घरी तांब्याचं पातेलं आहे ना तुझ्या आजीचं? त्याच्यावर काय कोरलंय?”

“आजीचं नाव. आणि तिच्या मामाचं, ज्यांनी दिलं त्यांचं.”

“बरोबर. भांड्यावर नाव देणाऱ्याचं नाहीतर घेणाऱ्याचं. आमच्या आळीत हजारो भांडी झाली, घडवणाऱ्याचं नाव कुठे बघितलंयस?”

“हाच तर अन्याय आहे, काका.”

“अन्याय असेल. पण पातेल्यात आमटी बरी होते की नाही?”

हा आपला वाद. तो वर्कशॉपमध्ये झाला, आमच्या टेबलाशी झाला, बर्मिंगहॅमच्या ट्रेनमध्ये झाला. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत आणि मी कधी उतरवला नाही.

विंग झाली. रंग चढल्यावर टेरीलाही जोड सापडेना. आणि वसंत ऋतूत मला इंटरनेटवर त्या गाडीची जाहिरात दिसली. मालक ती विकायला काढत होता. ‘कारखान्यातून निघाली तेव्हाचंच मूळ अंग, कुठेही नवा पत्रा नाही.’

नवा पत्रा नाही. तुमचा तो अख्खा हिवाळा त्याने एका वाक्यात पुसून टाकला. ते खोटं होतं, आणि ज्यांच्या हातांनी ते खरं वाटण्याजोगं केलं त्यांच्यावरच ते खोटं उभं होतं. मी त्या रात्री पत्रक लिहिलं. इंग्रजीत, मथळा ‘हे कोणी घडवलं?’ टेक्ससपासून थेम्सपर्यंतचा सगळा इतिहास लिहिला आणि शेवटी ठळक अक्षरांत: या गाडीची पुढची डावी विंग संपूर्ण नवी आहे आणि ती कॉव्हेंट्रीच्या या माणसाने घडवली आहे. मग तुमचं पूर्ण नाव. डेव्ह नाही.

तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. ते मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. हे वाक्य लिहायला मला अडीच वर्षं लागली.

रविवारी एका मोठ्या बंगल्याच्या हिरवळीवर गाड्यांचं प्रदर्शन होतं, कोब्राही तिथे मांडली होती. मी गवतावर उभी राहून पत्रकं वाटली. लोकांनी वाचली, विंगेपाशी जाऊन वाकून बघितलं, आणि गाडी घ्यायला आलेला माणूस वाकून बघून निघून गेला. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात तुम्ही दिसलात. टाय लावून, काकूंना आणि चहाचा थर्मास घेऊन तुम्ही तुमची गाडी उन्हात बघायला आला होतात. कोणीतरी तुमच्या हातात पत्रक दिलं. तुम्ही ते वाचलंत. माझं तुम्ही वाचलेलं ते पहिलं पत्रक. मग कडेवर कड बसवून घडी घातलीत, नख फिरवलंत आणि खिशात ठेवलंत. माझ्याकडे बघून मान हलवलीत, ओळखीच्या माणसाला बघून बसमध्ये हलवतात तशी.

सोमवारी टेरी तुमच्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत यायला त्याला जमेना. मालक आणि मालकाच्या ओळखीचे सगळे गाड्या काढून नेणार होते. डेव्ह राहील नाहीतर गाड्या राहतील. तुम्ही त्याला म्हणालात, “चहा घेऊन जा.”

आणि मालकाचं काय झालं? काही नाही. त्याने जाहिरातीतलं एक वाक्य बदललं: ‘कुशल कारागिरांनी आत्मीयतेने दुरुस्त केलेली.’ उन्हाळा संपायच्या आत गाडी विकली गेली. खोटं बोलणाऱ्याला एक वाक्य बदलावं लागलं आणि खरं काम करणाऱ्याला घरी बसावं लागलं. साठी उलटलेल्या तुम्हाला जॉब सेंटरने कंप्युटरच्या कोर्सला बसवलं. एका पोराने फॉर्म भरताना विचारलं, तुमच्याकडे दुसरीकडे वापरता येण्यासारखं कौशल्य कोणतं? तुम्ही घरी येऊन मला विचारलंत, “काय सांगायचं असतं गं?” तो राग माझा अजून उतरलेला नाही, आणि उतरवायचाही नाही.

पण माझं काय? मी म्हणत राहिले की चूक त्यांची. ती होतीच. माफी मागितली तर पत्रक मागे घेतल्यासारखं होईल, असं मला वाटायचं. खरं ते मागे घ्यायचं नसतं, असं बाबांनी शिकवलं होतं. खरं सांगायच्या आधी, ज्याच्या जिवावर सांगतो त्याला विचारायचं असतं, हे कोणत्याच पत्रकात नव्हतं.

त्या दिवसांत तुम्ही मला एकदाच काही बोललात. चहा ओतता ओतता. “संपादकबाई, त्या पत्रकात एक चूक आहे.”

“कसली?”

“संपूर्ण नवी लिहिलंयस. संपूर्ण नवी नाहीये ती.”

मी उसळले. “काका, तुम्ही त्या माणसाची बाजू घेताय?”

तुम्ही किटली खाली ठेवलीत. “बरं,” म्हणालात. “पुढच्या वेळी विचारून लिही.” आणि बिस्किटांचा डबा पुढे केलात.

मी विचारलं नाही, चूक म्हणजे नेमकी कोणती. हॉस्पिटलमध्येही नाही. शेवटच्या शनिवारी तुम्ही जेवणाचा मेनू छापलेला कागद घेऊन त्याची घडी घालत होतात. नखात जोर नव्हता, कड थोडी सरकली. तुम्ही ती उलगडून पुन्हा घातलीत. मी घड्याळ बघत होते, माझी ट्रेन होती.

परवा मी काकूंकडे होते तेव्हा टेरी आला. फ्युनरलला मागे उभा राहून तो तसाच निघून गेला होता. या वेळी आत येऊन बसला. काकू फुलांवरच्या त्या कार्डाच्या पाठीवर किराण्याची यादी करत होत्या. टेरीने एक पाकीट दिलं. दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो तो काढून ठेवतो, तुमच्या विंगेचे त्यात होते. एक फोटो आतल्या बाजूचा, रंगाच्या आधीचा. नव्या चकचकीत पत्र्यात तळहाताएवढा एक मळकट, जुना तुकडा, चारी बाजूंनी वेल्ड करून बसवलेला. त्या तुकड्यावर टोचणीने कोरलेलं एक नाव. रेग.

“चेपलेल्या विंगेच्या आत सापडलं त्याला,” टेरी म्हणाला. “तेवढा तुकडा कापून घेतला आणि नव्या विंगेत त्याच जागी बसवला. दोन दिवस घालवले. मी म्हटलं, डेव्ह, हे कोण बघणार आहे? तर म्हणाला, रेग इथे होता.”

“आणि यांचं?” काकूंनी विचारलं. “यांचं नाव?”

“मी सांगितलं होतं, खाली तुझंही लिही. तर म्हणाला, जागा नाही.”

फोटोत त्या तुकड्याच्या खाली हातभर मोकळा पत्रा आहे, काका.

संपूर्ण नवी नाहीये ती. म्हणजे हे तुम्ही मला सांगत होतात. डावीकडचा तो निवांत माणूस तुम्हाला भेटला होता. त्याचं अर्धं नाव, आडनावाशिवाय, एवढंच उरलं होतं, आणि तुम्ही ते भिंतीच्या, भंगाराच्या आणि मालकाच्या हातून सोडवून पुन्हा त्याच्या जागी नेऊन ठेवलंत. आणि मी पत्रकात ‘संपूर्ण नवी’ छापून ते पुसलं. जे त्या मालकाने तुमचं केलं, तेच मी रेगचं केलं.

पण वाद मी सोडत नाही. घडवणाऱ्याचं नाव लागत नाही असं तुम्हाला खरंच वाटत असतं, तर रेगसाठी दोन दिवस कशाला घालवले असतेत? तुम्हाला माझं म्हणणं पटलं होतं. फक्त स्वतःच्या बाबतीत पटलं नव्हतं. रेगला तुम्ही होतात. तुम्हाला कोण आहे?

ती गाडी आता कोणाच्या गॅरेजमध्ये आहे, मला माहीत नाही. तिच्या आत मी काही लिहू शकत नाही. मला लिहिता येतं ते कागदावर. पत्रकात चूक झाली तर पुढच्या पत्रकात ती छापून दुरुस्त करायची, हा बाबांचा नियम. या वेळी विचारूनही घेतलंय. काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “छाप. आणि पूर्ण नाव घाल, वडिलांच्या नावासकट. डेव्ह नको.”

शुद्धिपत्र. त्या पत्रकात पुढची डावी विंग संपूर्ण नवी असल्याचं छापलं होतं. ते चूक आहे. ज्यांच्याबद्दल छापलं त्यांना न विचारता छापलं, ही त्याहून मोठी चूक आहे, आणि तिच्याबद्दल मी त्यांची माफी मागते. ती विंग दोन माणसांनी घडवली. थेम्सकाठच्या कारखान्यात रेग यांनी, आणि कॉव्हेंट्रीत दत्तात्रय केशव वडके यांनी.